आरशाच्या खिळ्यापाशी

बलवडी फाट्यावर, चिंचेच्या खोडाला
माझा आरसा टांगलेला असतो.
खिळा आबांनी ठोकलेला, झाडानं तो निम्मा गिळला.
त्या खिळ्याच्या वर दीड वितीवर
ती राहते.

ते कळायला मला चार वर्षं लागली.
रोज तिच्याकडंच तोंड करून वस्तऱ्याला धार लावायचो
आणि दिसायची नुसती साल.

मग एका रिकाम्या मंगळवारी
सालीचा एक कपचा
सालीवरून चालत गेला.

बोटाच्या पेरापेक्षा लहान. चपटी,
इस्त्रीखालून काढल्यागत.
रंग राखेचा, त्यावर शेवाळाचे शिंतोडे,
आणि चिंचेला जिथं भेग
तिथं तिच्या पाठीवरही भेग, काढलेली.
पाय केसासारखे बारीक (केसातलं मला कळतं),
तिसरी जोडी तेवढी आखूड,
शिंप्याकडं कापड कमी पडलं असावं.
मागं दोन शेपट्या.
बसायचं ते उलटं, डोकं खाली.
अंग खोडाला असं लावून
की सावलीला मध्ये शिरायला फट नाही.

तायाप्पा ट्रकवाल्याला दाखवली.
"कुठाय?"
कात्रीच्या टोकानं दाखवली.
"आरं, ती साल हाय."
एका गालाला फेस, एक गाल कोरा,
तसाच उठून नाक लावून बघितलं त्यानं.
ती सरकन खोडामागं.
"बघ, काय न्हाय," म्हणाला, आणि बसला.

जाळं तिला नाही. मी शोधलं.
चार धागे पडलेत सालीवर, विसरल्यासारखे.
ती थांबते. येरळेत पाणी येवो न येवो,
एसटी येवो न येवो, ती थांबते.

एकदा मुंगळा चढला.
माझ्या हातात कापड, तायाप्पाच्या गळ्यात घालायचं.
तिनं त्याच्यावरून उडी घेतली
आणि फिरायला लागली.
शेपट्या त्याच्याकडं, तोंड बाहेर,
गरगर, गरगर,
सात फेऱ्यांपर्यंत मोजलं, पुढं डोळा पुरला नाही.
मुंगळा पांढरा होत गेला.
पाय हलायचे, मग पायही शिवले गेले खोडाला.
तेव्हा कुठं ती थांबली, जवळ गेली,
आणि चावली. घाई नव्हती.

मी कापडाची गाठ मारली.
डाव्या कानावरून मानेकडं, मानेवरून उजव्या कानाकडं.
माझी खुर्ची फिरत नाही,
म्हणून तीस वर्षं मीच फिरतोय.
फरक एवढाच, माझं गिऱ्हाईक उठून जातं.
उधारी ठेवून.

फेब्रुवारीत बांधकाम खात्याची माणसं आली,
डबा, कुंचे, चुना, गेरू.
रस्त्याच्या सगळ्या झाडांना पट्टे.
आरसा काढायला लावला, डोक्याच्या वरपर्यंत चुना फासला.
संध्याकाळी बघतो तर
पांढऱ्या भिंतीवर काळं बोट उठावं
तशी ती. तिथंच. उलटी. निवांत.
आपण दिसतोय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

शाळा सुटली. पोरांच्या हातात छड्या.
मी दुसरा खिळा ठोकला, दीड वीत वर,
आरसा तिच्यावरच टांगला.
पोरं आली, आरशात भांग बघून गेली.
गिऱ्हाइकांना आता मान वर करावी लागते;
दाढीला ते बरंच झालं.

पावसापर्यंत चुन्याचे पोपडे सुटले.
आरसा पुसायला काढला, तर मागं सालीच्या बेचक्यात
रेशमाची एक गाठ, अंड्यांची,
वर कचरा लिंपलेला: सालीचा भुगा, धूळ,
आणि केस.
एक पांढरा, राठ, तो तायाप्पाचाच.
बाकीचे काळे, पोरांचे.

ती स्वतः दिसली नाही.
असेल.

कापड पूर्वी मी रस्त्याकडं झटकायचो.
आता खोडाकडं झटकतो.